काळवीट : उघड्या माळाचा रहिवासी



हरीण म्हणजे दाट अरण्यातला प्राणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चितळ व सांबर यांच्या बाबतीत ती खरी असली, तरी काळविटाच्या बाबतीत साफ चुकीची ठरते. काळवीट हा कुरंग कुळातला प्राणी. चितळ-सांबरांची शिंगे ठरावीक काळाने गळून पडतात व नवी येतात. काळविटाची शिंगे मात्र जन्मभर टिकतात. मळसूत्राप्रमाणे पीळ असलेली ही शिंगे पूर्ण वाढलेल्या नरात दोन फुटांपर्यंत भरतात. माद्यांना सहसा शिंगे नसतात.

नर जन्मतः काळा नसतो. पाडसाचा रंग मादीसारखाच पिवळसर तपकिरी असतो व वयाबरोबर तो गडद होत जातो. पोट व डोळ्यांभोवतीचे कडे तेवढे पांढरे राहते. प्रौढ नर माळावर आपली हद्द राखतो, ठरावीक जागी लेंड्या टाकून ती आखतो आणि मान उंचावून, शिंगे पाठीवर टेकवून मिरवतो. हा दिमाख पाहण्यासारखा असतो खरा!

मादी साधारण सहा महिन्यांनी बहुधा एकाच पाडसाला जन्म देते. पहिले काही दिवस पाडस गवतात निश्चल पडून राहते व आई दूर चरते. असे पाडस पोरके समजून घरी आणणे हा दयाळूपणा नव्हे. ते तेथेच राहू द्यावे, हे शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावे.

काळविटाचे संरक्षण त्याच्या दृष्टीत व पायांत आहे. दूरवरचा लांडगा दिसला की कळप उंच उड्या घेत निघतो. ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग नोंदला गेला आहे. त्यासाठी मोकळी जमीन लागते. नेमकी हीच जमीन दप्तरी 'पडीक' ठरते. तेथे चर खणून गिरिपुष्पासारखी झाडे दाटीने लावली की हिरवाई वाढल्याचे समाधान मिळते; परंतु काळविटाची नजर अडते, पवन्या-मारवेलीसारखे गवत सावलीत खुरटते आणि गावच्या गुरांचा चाराही जातो.

अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत कळप कोंडून राहणे शक्य नाही. ते शेजारच्या शिवारात उतरतात. शेतकऱ्याची तक्रार खोटी नसते. पीक नुकसानीसाठी शासनाची भरपाई आहे; मात्र त्यासाठी वनखात्याकडे तातडीने अर्ज करून पंचनामा करून घ्यावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचा समावेश असल्याने त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. गायरानावर वृक्षलागवडीचा ठराव येईल, तेव्हा पंचायत सदस्यांनी प्रथम त्या माळावर सकाळी एक फेरी मारावी आणि तेथे कोण चरते, हे पाहून घ्यावे.