आवडीनिवडीची कारणे



इंदूरच्या भंवरकुआं परिसरात स्पर्धा परीक्षांची पुस्तके हवी तेवढी मिळतात. मराठी कादंबरीसाठी मात्र ग्रंथालयाची पायरी चढावी लागते. त्यामुळे येथील मराठी तरुणाला मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) सुजय डहाके यांच्या चित्रपटातूनच प्रथम भेटण्याचा संभव अधिक. २०११ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. तरीही कादंबरी वाचलेला रसिक काहीसा हिरमुसतो. कारण उघड आहे. कादंबरीत नववीतला मुकुंद जोशी स्वतः बोलतो. आणीबाणीच्या काळातील वडीलधाऱ्या जगाकडे पाहणारी त्याची मिस्कील नजर त्या निवेदनातच वसते. पडद्यावर चेहरा दिसतो, मनातली बडबड निसटते. उलट, मुकुंद आणि शिरोडकर यांच्यातील अबोल संकोच तेथे अधिक बोलका होतो.

केवळ 'आवडले' किंवा 'फसले' म्हटल्याने संवाद तिथेच संपतो. कारण सांगितले, की ऐकणाऱ्याला ते पडताळून पाहावेसे वाटते आणि तो मूळ पुस्तकाकडे वळतो. महाराष्ट्रापासून दूर, शतक ओलांडलेल्या ग्रंथालयात पुस्तकाचे पान उलटले जाते, ते असा सकारण मतभेद कुणीतरी मोकळेपणाने बोलून दाखवल्यामुळेच.