डोळा उडी मारतो तेव्हा

बोईसरहून विरारकडे जाताना खिडकीशी बसलेल्या मित्राचे डोळे एकदा नीट बघा. तो बाहेरचे खांब बघत असेल, तर डोळे खांबासोबत हळू सरकतात आणि झटकन मागे येतात. पुढचा खांब, पुन्हा झटका. याला 'रेल्वे निस्टॅग्मस' असं नावच आहे.

मजा म्हणजे, त्याला स्वतःला हा झटका जाणवत नाही. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू, त्यांना हुकूम ब्रेनस्टेममधून तीन नसांवाटे जातो. डोळा उडी मारत असताना मेंदू मधलं धूसर चित्र दाबून टाकतो. आमच्या भाषेत, फ्रेम्स ड्रॉप. आणि काही गाळलंय हे आपल्याला कळतही नाही.

आता तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट सुटली, बाईकवरून चिल्हार फाट्याला आलात. हायवेवर भरकन नजर फिरवली, रस्ता रिकामा वाटला, गाडी काढली. पण नजर सलग फिरत नाही, उड्या मारत जाते. अगदी स्पष्ट दिसतं ते नजर टेकते तेवढंच. हात लांब केल्यावर साधारण अंगठ्याएवढं. दोन उड्यांच्या मधे लांबची बाईक सहज राहून जाते. अपघातानंतर "मला दिसलाच नाही" म्हणणारा दर वेळी खोटं बोलत नसतो.

म्हणून गाडी थांबवा. जवळ, मधे, लांब अशी नजर टेकवत बघा. मग दोन्हीकडे पुन्हा एकदा बघा. दोन-चार सेकंद जातील, जाऊ देत.