स्टॉलवर कोण बसणार?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कर्जफेडीवर बोलणार नाही, घाबरू नका. आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलायचंय. ज्यांच्या गोष्टी सांगणार आहे त्या तिघींना विचारलंय. नावं घेत नाही, ओळखू आल्या तर हसू नका.

मागच्या वर्षी तालुक्याच्या प्रदर्शनात आपल्या एका गटाला मसाल्याचा स्टॉल मिळाला. बसणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा मी गटातल्या सगळ्यात बोलक्या ताईंचं नाव सांगून मोकळी झाले. विक्री म्हणजे बोलणं, असंच मला वाटायचं. हिशेबाची वही लिहिणाऱ्या वहिनी मागे पुड्या बांधत बसल्या.

ताईंनी गर्दी जमवली, यात शंका नाही. पण ताई नुसत्या बोलक्या नाहीत, मायाळूही आहेत. कुणाला 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर येतं. जी येईल तिला, "घ्या हो, तुमच्यासाठी दहा रुपये कमी." शेवटच्या दिवशी एक दुकानदार आला. आठ दिवसांत वीस किलो कांदा-लसूण मसाला मिळेल का, म्हणाला. ताई म्हणाल्या, "देऊ की!" कांदा-खोबरं वाळवून कांडपावर नंबर लागेपर्यंतच आठवडा गेला. माल पोचला पंधराव्या दिवशी. त्यानं घेतला नाही, नंतर आमचा फोनही उचलला नाही. तो मसाला गटानं सहा महिने सुटा सुटा विकला.

सगळ्यांनी ताईंना बोल लावला, मीसुद्धा. पण चूक ताईंच्या बोलकेपणाची नव्हती. त्याच्या जोडीला जी माया होती, तिनं घात केला. हीच बोलकी बाई हिशेबी असती तर तेवढीच बोलली असती, पण तारीख देण्याआधी कांडपवाल्याला फोन लावला असता.

विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1928 साली एका पुस्तकात माणसाच्या वागण्याचे चार प्रकार मांडले. आपल्या भाषेत सांगायचं तर धडाडीची, बोलकी, सांभाळून घेणारी आणि नेमानं चालणारी. (याच माणसानं पुढे वंडर वुमन हे चित्रकथेतलं पात्र तयार केलं. तुमच्या मुलांना विचारा, माहीत असेल.) नंतर इतरांनी त्यावरून चाचण्या बनवल्या आणि कंपन्या त्या विक्रीच्या प्रशिक्षणात वापरायला लागल्या. त्यातही बहुतेक माणसं एका खणात मावत नाहीत, दोन प्रकार मिसळलेले निघतात. आपल्याला यात नवल नाही. वैद्य वातपित्ताची, कफपित्ताची अशा जोड प्रकृती पूर्वीपासून सांगतातच.

बोलकीच जास्त विकते हेही खरं नाही. 2013 साली ॲडम ग्रँट यांचा एक अभ्यास आला. अमेरिकेत फोनवरून विक्री करणाऱ्या 340 जणांचा. सगळ्यात जास्त पैसे आणले ते ना फार बोलक्यांनी, ना फार अबोल माणसांनी, तर मधल्यांनी. मधला माणूस बोलतोही आणि समोरच्याचं ऐकूनही घेतो.

आता दुसऱ्या गटातल्या काकू. शेवया, कुरडया घरूनच विकतात. मायाळू आणि हिशेबी, दोन्ही. माया आहे म्हणून उधारी देतात, हिशेबी आहेत म्हणून रुपया न् रुपया लिहून ठेवतात. पण मागवत नाही. मग मनात साठत जातं. दोन महिन्यांनी काकू त्या बाईशी तुटक बोलायला लागतात आणि ती बाई त्यांच्या दारावरून जायचंच सोडते. पैसे गेले आणि गिऱ्हाईकही गेलं. मला हे जास्त लागतं, कारण भांडण झालेलंच नसतं. काकूंना आम्ही एवढंच सुचवलं, की माल हातात देतानाच दिवस ठरवा. "दूध बिलाच्या दिवशी द्याल ना?" हे तेव्हा विचारायला लाज वाटत नाही. नंतर वाटते. आता काकूंची उधारी पूर्ण थांबलेली नाही, पण वहीत महिन्यापेक्षा जुनं नाव एकच उरलंय. ते नाव सख्ख्या नणंदेचं, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

आणि पुड्या बांधणाऱ्या वहिनी? त्या अबोल आणि ठाम. पुढच्या प्रदर्शनाला मी त्यांना ताईंच्या शेजारी बसवलं. एका खानावळवाल्यानं वीस किलो मागितला. ताई "देऊ की" म्हणणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "आठ दिवसांत बारा किलो देते. उरलेला त्याच्या पुढच्या सोमवारी." मला वाटलं, गेला. तो म्हणाला, "चालेल, पण सोमवार म्हणजे सोमवार." तो आजही दर महिन्याला माल नेतो. पण याच वहिनींना एकीनं विचारलं, "फार तिखट आहे का हो?" वहिनी म्हणाल्या, "पुडीवर लिहिलंय." ती बाई पुडी ठेवून निघून गेली. तीच ठामपणाची सवय! तिथं ताईच हव्या होत्या, आणि ताई नेमक्या चहाला गेलेल्या.

एक सांगते. हा स्वभावाचा प्रकार कुणाच्या कपाळावर चिकटवू नका. "ती तसलीच, तिला स्टॉलवर नको," असं म्हणून आपण किती जणींना वर्षानुवर्षं मागेच बसवलं. प्रदर्शनाचा भत्ता, शहर बघणं, ओळखी होणं, सगळं दोन-तीन बोलक्या जणींच्याच वाट्याला आलं. त्या यादीत माझाही हात होता.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत हे करा. दोघी-दोघी बसा आणि एकमेकींना विचारा: गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी काय करते? चिडलं की काय करते? उधार मागितलं की? स्वतःचं उत्तर स्वतः देऊ नका, शेजारणीला देऊ द्या. तिला जास्त माहीत असतं.

दिवाळीच्या स्टॉलसाठी या वेळी मी नावं ठरवणार नाही. प्रत्येक गटानं जोडी ठरवून ठरावात लिहून द्यायची, आणि जोडीतली एक तरी आजवर कधी स्टॉलवर न बसलेली हवी. मसाल्याच्या गटाची जोडी ठरलीय. ताईंनी आताच बजावलंय, की वहिनींची खुर्ची पुढेच लावा, आणि चहा जागेवर आणून द्या.