सैनिकाच्या घराचे आरोग्यकवच

(रुग्णालयात आयोजित माजी सैनिक व कुटुंबीय मेळाव्यात विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आपल्या किनाऱ्याला सैनिकी परंपरा नवी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. त्याच किल्ल्याच्या साक्षीने ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवणात पार पडला. आंबोली घाट चढून बेळगावला जावे आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीत दाखल व्हावे, ही वाटही आपल्या अनेक घराण्यांना परिचयाची आहे. या परंपरेचा गौरव आपण वेळोवेळी करतो. आज मात्र आम्हास बोलावयाचे आहे ते सैनिक गावी परतल्यानंतरच्या दीर्घ काळाविषयी.

शिपाई म्हणून भरती झालेला जवान पुष्कळदा वयाच्या चाळिशीच्या आतबाहेरच निवृत्त होतो. नोकरीत असेपर्यंत त्याच्या व त्याच्या कुटुंबाच्या उपचारांची जबाबदारी सैन्याच्या वैद्यकीय सेवेकडे असते. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार हे पाहुणे येतात ते त्यानंतर, जेव्हा तो छावणीपासून दूर आचऱ्याला, देवगडला किंवा दोडामार्गच्या एखाद्या वाडीत राहत असतो. पूर्वी अशा वेळी लष्करी रुग्णालयात जागा असेल तरच उपचार मिळत. ही उणीव दूर करण्यासाठी केंद्र शासनाने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. 'ईसीएचएस' या नावाने ती आपणास ज्ञात आहेच.

ही योजना म्हणजे बाजारातील मेडिक्लेम नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. येथे दरवर्षी हप्ता भरावा लागत नाही. हुद्द्यानुसार एकदाच अंशदान द्यावयाचे असते. डिसेंबर २०१७ मध्ये ठरलेल्या दरांनुसार ते हवालदारापर्यंत ३० हजार, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार आणि अधिकाऱ्यांसाठी १ लाख २० हजार रुपये आहे. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना व युद्धविधवांना अंशदान माफ आहे. आधीपासून असलेला आजार या योजनेत वगळला जात नाही, वयाची अट नाही आणि वर्षाला अमुक रकमेपर्यंतच खर्च, अशी मर्यादाही नाही. निवृत्तिवेतनधारक सैनिक, त्याची पत्नी, अवलंबून असलेली मुले आणि उत्पन्नाच्या अटीत बसणारे आईवडील हे सर्व तिचे लाभार्थी होत.

एवढे भक्कम कवच असूनही ऐनवेळी ते अपुरे पडते, याचे कारण बहुधा पैशात नसून माहितीत असते. ही माहिती सैनिकाला असते, परंतु घरातील इतरांना नसते; आणि आजारी पडतो तो सैनिकच. अशा वेळी कार्ड कोठे ठेवले आहे आणि कोणाला कळवावयाचे, हे पत्नीला किंवा सुनेला ठाऊक नसेल, तर हक्क कपाटातच राहतो.

योजनेची रीत थोडक्यात सांगतो. सर्वसाधारण आजारात प्रथम योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जावे. तेथील डॉक्टर गरजेनुसार संदर्भपत्र देतात व ते घेऊन योजनेशी संलग्न रुग्णालयात रोख रक्कम न भरता उपचार घेता येतात. आणीबाणीत ही वाट चालण्यास सवड नसते. छातीत कळ आली, पक्षाघात झाला, सर्पदंश झाला, तर संदर्भपत्राची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जावे. ते संलग्न असेल तर पुढील सोपस्कार त्यांनी करावयाचे असतात. ते संलग्न नसेल तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळविण्याची जबाबदारी कुटुंबावर येते. बिल आधी स्वतः भरावे लागते. नंतर शासनमान्य दरांच्या मर्यादेत त्याची भरपाई मिळते.

मालवणहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून दूर आहे. पावसाळ्याच्या रात्री रुग्णाला तेथवर नेण्याच्या धावपळीत ४८ तास कधी सरले ते समजतही नाही. म्हणून रुग्णासोबत एकाने राहावे आणि कळविण्याचे काम दुसऱ्याने हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

दुसरी अडचण नावांची. आपल्याकडे लग्नानंतर स्त्रीचे नाव बदलते. आधार कार्डावर एक नाव, निवृत्तिवेतनाच्या आदेशात, म्हणजे पीपीओमध्ये, दुसरे आणि रेकॉर्ड ऑफिसात माहेरचेच, असा प्रकार विरळा नाही. ही दुरुस्ती सैनिक हयात व धडधाकट असताना करून घ्यावी. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे, तर नौदलातील नाविकांच्या नोंदी मुंबईला असतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यासंबंधी मार्गदर्शन करते. पतीच्या निधनानंतर योजना संपली, असा समज काही भगिनींचा असतो. तो खरा नाही. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीचा हक्क कायम राहतो. पतीबरोबर त्याचे कार्ड जाते, तिचे जात नाही.

काही जण या कवचाच्या बाहेर आहेत, त्यांचाही विचार व्हावा. आपल्या गावांत 'नेव्हीत आहे' असे म्हटले जाते, तेव्हा तो भारतीय नौदलात आहे की व्यापारी जहाजावर, हे विचारून घ्यावे लागते. व्यापारी जहाजावरील खलाशी माजी सैनिक ठरत नाहीत व त्यांना ही योजना लागू नाही. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या मूळ अटींनुसार, चार वर्षांनंतर सेवेत कायम न होणाऱ्या अग्निवीरांनाही ईसीएचएसचा लाभ नाही. अशा तरुणांनी परतताच आरोग्य विमा घ्यावा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची माहिती करून घ्यावी. पंचविशीत विमा अनावश्यक वाटतो. पन्नाशीत तो महाग पडतो.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आमचे कर्तव्य आम्ही असे मानतो की, दारी आलेल्या रुग्णाला प्रथमोपचार मिळावेत आणि कागदांची विचारणा त्यानंतर व्हावी. परंतु कागदांच्या कामातही कुटुंबाला एकटे सोडू नये. यासाठी रुग्णालयात एक साहाय्य कक्ष सुरू करण्याचा विश्वस्त मंडळाचा मानस आहे. पॉलिक्लिनिकला वेळेत कळविणे, बिलांच्या व तपासणी अहवालांच्या प्रती व्यवस्थित लावून देणे, नावातील तफावत दाखवून देणे, एवढेच त्याचे काम असेल. त्याला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. एक जाणकार माणूस, एक टेबल आणि रात्रीही उचलला जाणारा दूरध्वनी लागतो. देणगीदारांनी या कामी हातभार लावावा, ही नम्र विनंती.

आणि सैनिक कुटुंबांस एक विनंती. आज घरी गेल्यावर कार्ड, पीपीओ, डिस्चार्ज बुक आणि आधार यांच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात. पॉलिक्लिनिकचा क्रमांक त्यांसोबत ठळक अक्षरांत लिहावा. ती पिशवी कोठे आहे, हे घरातील किमान दोन माणसांना सांगावे. ज्याने देशासाठी आपले तारुण्य दिले, त्याच्या उतारवयातील उपचार एका हरवलेल्या कागदापायी अडू नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.

 जय हिंद, जय महाराष्ट्र.