पंचगंगेचे पाणी आणि आपली भाकरी



आम्ही शाळा सातवीपर्यंत शिकलो. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खात्यात झाले. तेव्हा शास्त्रज्ञाचा अधिकार आम्हाला नाही. इचलकरंजीत कामगारांची संघटना बांधताना जे पाहिले आणि त्याचा उलगडा व्हावा म्हणून जे वाचले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीच्या बाजूने येऊन कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला मिळतात. पाचवी सरस्वती गुप्त, म्हणून पंचगंगा. पुढे नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेत जाते. खोरे लहान, पण तिथल्या जमिनीचा वापर जसा बदलला, तसे पाणी बदलले.

राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले; ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. बारमाही पाणी मिळाले, नदीवर बंधारे झाले आणि जोंधळ्याच्या रानात ऊस उभा राहिला. खोऱ्यात सुबत्ता आली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस असते. पिकाने घेतले नाही ते पाटपाण्याबरोबर नदीत किंवा विहिरीत उतरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. तान्ह्या मुलांना ते विशेष बाधते. नदीतली जलपर्णी मात्र याच खतावर फोफावते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गोठणाऱ्या थंड पाण्यात लिटरला सुमारे 14 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. 30 अंशाच्या पाण्यात जेमतेम साडेसात. माशांना निदान चार तरी लागतो. म्हणजे आपल्या नदीची शिल्लक मुळातच थोडी. त्यात साखर कारखान्याचे सांडपाणी, सायझिंगची खळ आणि शहराचा मैला पडला की ते कुजवणारे जीवाणू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. बंधाऱ्याला बरगे घातलेले, पाणी तुंबलेले. मग मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो.

आता आमचा स्वतःचा दोष सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कापड-प्रक्रियेच्या कारखान्याला सांडपाण्यावरून बंदची नोटीस आली. मालक गेटावर म्हणाला, ‘‘नदी पाहिजे की भाकरी?’’ आम्ही भाकरी म्हणालो आणि कामगारांचा मोर्चा काढला. कारखाना सुरू झाला, सांडपाणीही सुरू झाले. विजयाचे पेढे आम्हीच वाटले.

पुढे 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. माणसे दगावली. हेपॅटायटिस ‘ई’चा हा विषाणू मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो आणि गरोदर बाईला त्याचा धोका फार. म्हणजे दोष रंगाच्या पाण्याचा नव्हता, वस्तीच्या मैल्याचा होता. मैला आपला आणि हंडाही आपलाच. आमचे मागवाले अंथरुणाला खिळले. मागावर हजेरी नाही तर मजुरी नाही. तेव्हा कळले की घाण पाणी ही पगारातली कपातच आहे. फक्त तिची नोटीस फळ्यावर लागत नाही.

मालकाचा तो प्रश्नच खोटा होता. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कापडाच्या किमतीत धरायचा, की कामगाराच्या आणि खालच्या गावांच्या शरीरात, हा खरा प्रश्न. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा 1969 साली केला, केंद्राने 1974 साली. कायदा आहे, त्याचा पाठपुरावा करणारा माणूस हवा.

पंचगंगा बिघडली म्हणून आमच्या शहराने वारणेचे पाणी मागितले, मग दूधगंगेचे. दोन्ही काठांच्या गावांनी विरोध केला. आम्हाला आधी राग आला. मग विचार केला, ज्याने आपली विहीर नासवली त्याला शेजारी घागर कशी भरू देईल? आणि आपल्या खाली शिरोळ तालुका आहे; त्याला आपण काय पाठवतो?

म्हणून आम्ही मागणी बदलली आहे. सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय सोडू नये, आणि त्या कारणाने कारखाना बंद राहिला तर त्या दिवसांची मजुरी मालकाने द्यावी. शहराचा प्रत्येक नाला शुद्धीकरणाला जोडावा. शेतकरीबंधूंनी माती तपासून खत घालावे, काठालगतचा पट्टा गवताझाडांना सोडावा. यात कोणाची भाकरी जात नाही. प्रत्येकाची एक चतकोर मात्र लागते.

पेढे वाटणाऱ्या हातांनीच आम्ही आज ही मागणी करीत आहोत. आपणही आपला वाटा उचलावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.