नळी बदलताना आधी पीळ पाहा

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, म्हणून आजचा विषय तुम्हाला परका वाटेल. मी कॅलिफोर्नियात राहतो. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. माझी रायफल कारागिराकडून बनवून घेतलेली, पॉइंट २४३ विंचेस्टर काडतुसाची. बऱ्याच फैरींनंतर तापलेल्या वायूंनी नळीचा घसा झिजला आणि गोळ्या विखरू लागल्या.

नवी नळी घेताना लोक आधी लांबी आणि पोलाद विचारतात. मी आधी पीळ विचारला. नळीतल्या पिळदार खाचा गोळीला फिरवतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी स्थिर जाते. जुन्या नळीत १० इंचांत १ फेरा होता. शिशाच्या गोळीला तो पुरायचा. पण १ जुलै २०१९पासून तिथे शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, कारण त्याचे कण पोटात जाऊन काँडर गिधाडं मरतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला जास्त पीळ लागतो. मी ८ इंचांत १ फेरा निवडला.

काडतूस तेच ठेवलं, त्यामुळे बोल्ट बदलावा लागला नाही. नळी बसवणं मात्र कारागिराचंच काम. बोल्ट आणि काडतुसामधली जागा गेजने तपासल्याशिवाय पहिली फैर झाडू नका.

एवढा खटाटोप कशाला? गोळी डळमळली, तर हरण जखमी होऊन झाडीत जातं आणि तडफडत राहतं. नेमाची खात्री नसेल, तर चाप ओढायचा नाही.