पायाची कुरकूर

डाव्या पायातल्या व्हेरिकोज व्हेनवर लेझरचे उपचार होऊन पाच आठवडे झाले. निळ्या गाठी ओसरल्या. पण मांडीच्या आतून दोरी ताणल्यासारखे होते. नमाजात सजद्यातून उठताना ही ओढ हटकून जाणवते. उपचार फसले, असे समजून मी गप्प राहिलो. अम्मीही अशीच पायाला फडके गुंडाळून, न बोलता चुलीपुढे उभी राहायची.

शेवटी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, ‘‘झडपा सैल झालेली शीर आपण बंद केली. ती आता आत आक्रसते आहे. काही आठवडे ओढणारच. रक्त खोलवरच्या शिरांतून वर जाते आणि पोटरीचे स्नायू त्याला ढकलतात. म्हणून सांगितलेले घट्ट मोजे घाला, रोज चाला, एका जागी फार वेळ उभे राहू नका. मात्र पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर लगेच इस्पितळ गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.’’

आता रोज अर्धा तास चालतो. कुरकूर आहे, भीती गेली. अम्मीला कोणाला विचारावे हेच ठाऊक नव्हते. तुम्ही मात्र विचारा.